जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलेल्यांचा पहिला अमेरिकी टॅक्स रिटर्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. १० जून २०२५ रोजी नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असे तिघं पुण्याहून एडिसनला आले. जानेवारी ते मे पगार भारतात झाला, त्यानंतर अमेरिकेत. कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं दिला आहे. दोघांच्या नावावर मुदत ठेवी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंडांच्या एसआयपी आहेत. आता २०२५ चा रिटर्न भरायचा आहे. ऑफिसमधले सहकारी सांगतात, ‘डब्ल्यू-२ (कंपनीनं दिलेलं पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक) सॉफ्टवेअरमध्ये टाका, पंधरा मिनिटांत काम होतं.’ एवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. ज्याचं सगळं आयुष्य अमेरिकेत आहे त्याचं पंधरा मिनिटांत होतं. तुमच्या रिटर्नमध्ये दोन देश आहेत, एप्रिल ते मार्च आणि जानेवारी ते डिसेंबर अशी दोन वेगळी वर्षं आहेत, आणि पहिल्या वर्षापुरता एक निर्णय आहे ज्यावर हजारो डॉलर अवलंबून आहेत. तिथूनच सुरुवात करू.

करापुरते तुम्ही ‘रहिवासी’ आहात की नाही, हे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या अर्जावर ठरत नाही, दिवसांवर ठरतं. चालू वर्षातले सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षातल्या दिवसांचा एक-तृतीयांश, अधिक त्यामागच्या वर्षातल्या दिवसांचा एक-षष्ठांश, ही बेरीज १८३ किंवा जास्त झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस भरले, की तुम्ही रहिवासी. १० जून ते ३१ डिसेंबर हे २०५ दिवस होतात, म्हणजे मागचं काही न मोजताही तुम्ही बसता. जो २ जुलैपर्यंत येऊन वर्षअखेरपर्यंत इथेच राहतो त्याचे १८३ दिवस त्याच वर्षात भरतात. त्यानंतर येणाऱ्याचे सहसा भरत नाहीत. एफ-१वर आलेल्या विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या मोजणीत धरतच नाहीत. त्यांचा फॉर्म १०४०-एनआर आणि ८८४३, तो रस्ताच वेगळा.

तुम्ही १० जूनपासून रहिवासी आणि त्याआधी अनिवासी, म्हणजे वर्ष दुभंगलेलं. याला इथे ड्युअल-स्टेटस म्हणतात. अशा रिटर्नमध्ये जानेवारी ते मेचा भारतातला पगार अमेरिकेत मोजला जात नाही, आणि हे ऐकून बहुतेक जण खूश होतात. पण त्या बदल्यात दोन गोष्टी जातात. नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येत नाही, आणि स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे. ते सोडून देणं सहसा परवडत नाही.

म्हणून कायद्यानं एक पर्याय दिला आहे, कलम ६०१३(एच). वर्षअखेरीस दोघंही रहिवासी असतील तर दोघांना मिळून ‘आम्हाला पूर्ण वर्षाचे रहिवासी समजा’ असं लिहून देता येतं. मग एकत्र रिटर्न, पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन आणि एकत्रित स्लॅब मिळतात. मात्र जानेवारीपासूनचं दोघांचं जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे अमेरिकी करातूनच वजावट, मिळते.

आकडे घालून बघू. समजा अमेरिकेतला पगार ६५,००० डॉलर, आणि जानेवारी ते मेचा भारतातला पगार १२ लाख रुपये. डॉलरला ८७ रुपये धरले तर ते साधारण १३,८०० डॉलर होतात. व्याज-भाडं तूर्त बाजूला ठेवू. ड्युअल-स्टेटसमध्ये, विवाहित पण वेगळा रिटर्न या दरानं, ६५,००० वर डिडक्शनशिवाय फेडरल कर येतो सुमारे ९,२०० डॉलर. ६०१३(एच) घेतलं तर एकूण ७८,८०० मधून ३१,५०० वजा जाऊन करपात्र उरतात ४७,३००, आणि त्यावरचा कर सुमारे ५,२००. त्यातून भारतातल्या पगारावर भरलेल्या कराचं क्रेडिट. ते मात्र कितीही मिळत नाही. एकूण अमेरिकी करात भारतीय उत्पन्नाचा जेवढा वाटा, तेवढीच त्याची मर्यादा, म्हणजे इथे साधारण ९०० डॉलर. उरले ४,३००. फरक जवळपास ४,९०० डॉलरचा. ड्युअल-स्टेटसमध्ये राज्याचा कर वगैरे प्रत्यक्ष वजावटी दाखवता येतात, त्यानं हा फरक थोडा कमी होईल, पण पारडं फिरणार नाही.

ते फिरतं केव्हा? येण्याआधी त्याच वर्षात भारतात मोठा भांडवली नफा झाला असेल तेव्हा. फ्लॅट विकला, कंपनीचे शेअर विकले, म्युच्युअल फंड मोडले, तर तो सगळा नफा या निवडीमुळे अमेरिकेच्या हिशेबात येतो. अशा वेळी दोन्ही रिटर्न पूर्ण तयार करून तुलना करावी. ही निवड आयुष्यात एकदाच वापरता येते. घाईघाईत आधीच ड्युअल-स्टेटस भरून टाकला असेल तरी तीन वर्षांच्या आत १०४०-एक्सनं दुरुस्ती करून एकत्र रिटर्नवर येता येतं. उलटा प्रवास मात्र मुदत उलटून गेल्यावर बंद होतो. बायको ३१ डिसेंबरला अजून पुण्यातच असेल तर कलम ६०१३(जी) लागतं. त्याचा परिणाम तसाच, फक्त ती निवड पुढच्या वर्षांतही चालू राहते.

या निवडीला छापील फॉर्म नाही. रिटर्नला एक साधं निवेदन जोडायचं. त्यात दोघांची नावं, पत्ता, ओळख क्रमांक, एक जण वर्षाच्या सुरुवातीला अनिवासी आणि शेवटी रहिवासी होता हे विधान (तुमच्या बाबतीत दोघंही), आणि दोघांना पूर्ण वर्षाचे रहिवासी मानावं ही निवड. खाली दोघांच्या सह्या. एकच सही असलेलं निवेदन हा नेहमीचा घोटाळा. सॉफ्टवेअर हे निवेदन स्वतःहून तयार करत नाही, ते आपणच जोडायचं.

आता बायको आणि मुलाचा नंबर. एच-४वर कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, त्यामुळे आयटीआयएन, म्हणजे फक्त करापुरता ओळख क्रमांक, काढावा लागतो. फॉर्म डब्ल्यू-७, प्रत्येकाचा वेगळा. तो एकटा पाठवायचा नाही, रिटर्नच्या वर ठेवून रिटर्नसकट टेक्सासमधल्या ऑस्टिनला आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) आयटीआयएन विभागाकडे टपालानं पाठवायचा. १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर, बायको-मुलाच्या नंबरची जागा कोरी सोडायची. म्हणूनच पहिल्या वर्षी तुमचा रिटर्न कागदावरच जाईल, आणि रिफंडला ऑनलाइनवाल्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागेल. त्याची तयारी ठेवा.

डब्ल्यू-७ परत येण्याची कारणं बहुतेक कागदपत्रांतली असतात. नोटरी केलेली पासपोर्टची प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट पाठवा, किंवा पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेनं प्रमाणित केलेली प्रत लावा, किंवा आयआरएसनं मान्यता दिलेल्या एजंटाकडून किंवा वेळ घेऊन आयआरएसच्या ठरावीक कार्यालयातून पासपोर्ट तपासून घ्या. मूळ पासपोर्ट टपालात टाकायला जीव घाबरतो, आणि मध्येच भारतात जावं लागलं तर पंचाईत होते, म्हणून मान्यताप्राप्त एजंटाची फी सार्थकी लागते असं माझं मत आहे. मुलाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. अवलंबिताच्या पासपोर्टवर अमेरिकेत प्रवेशाची तारीख नसेल तर नुसता पासपोर्ट पुरत नाही, तो इथे राहतो याचा पुरावा लागतो. हल्ली विमानतळावर अनेकदा शिक्का मारतच नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलासाठी डॉक्टरकडचा वैद्यकीय रेकॉर्ड, त्याहून मोठ्याला शाळेचा रेकॉर्ड, असं आयआरएस मागतं. पाच वर्षांचा मुलगा असेल तर बालरोगतज्ज्ञाकडून तपासणीचं किंवा लसीकरणाचं पत्र घ्या. त्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि इथला पत्ता असला पाहिजे.

मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नसल्यामुळे २,२०० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळणार नाही. आयटीआयएनवर ५०० डॉलरचं ‘इतर अवलंबित’ क्रेडिट मिळतं. पण त्यासाठी आयटीआयएनचा अर्ज रिटर्नच्या मुदतीच्या आत, मुदतवाढ घेतली असेल तर त्या मुदतीच्या आत गेलेला हवा.

नावांकडे बारकाईनं बघा. आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर ते पूर्ण उतरतं, कंपनीच्या पगारपत्रकात अर्धंच राहतं, आणि बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असतं. रिटर्नवरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी आणि डब्ल्यू-७ वरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतरचं आडनाव रिटर्नवर आणि माहेरचं पासपोर्टवर, असं झालं की अर्ज अडकतो.

पुढचा भाग पुण्यातल्या पैशांचा, आणि खरी गडबड इथेच होते. ‘भारतात टॅक्स-फ्री आहे’ या वाक्याला अमेरिकेत काही किंमत नाही. रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न अमेरिका मोजते. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या खात्याचं) व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत पूर्ण करपात्र. आणि भारतात कर भरलेलाच नसल्यामुळे त्यावर क्रेडिटही नाही. पीपीएफचं व्याज तसंच, दर वर्षी जमा होईल तसं दाखवायचं. पंधरा वर्षांनी हातात येईल तेव्हा बघू, असं नाही. क्युम्युलेटिव्ह एफडीचं व्याजही मुदत संपेपर्यंत थांबत नाही. ईपीएफबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पीपीएफबद्दल मी सावध बाजू घेतो आणि व्याज दाखवायला सांगतो. रक्कम लहान असते, आणि लपवल्याचा ठपका त्यापेक्षा महाग पडतो.

म्युच्युअल फंड हा सर्वांत तापदायक प्रकार. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या दृष्टीनं पीएफआयसी ठरतात, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी. विकताना झालेला नफा धरलेल्या वर्षांत वाटला जातो, मागच्या वर्षांच्या वाट्यावर त्या त्या वर्षाच्या सर्वोच्च दरानं कर आणि वर व्याज लागतं. दीर्घकालीन नफ्याचा सवलतीचा दर नाही. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१, आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे वेगळी खरेदी. दहा फंडांत पाच वर्षं एसआयपी असेल तर हिशेबाची फी नफ्यापेक्षा जास्त होऊ शकते. वर्षअखेरीस सगळ्या पीएफआयसीची किंमत मिळून एकत्र रिटर्नसाठी ५०,००० डॉलरपर्यंत असेल, काही विकलं नसेल, लाभांश किंवा इतर वाटप आलं नसेल आणि कोणती विशेष निवड केली नसेल, तर त्या वर्षी ८६२१ भरण्यापासून सूट मिळते. विकल्यावर ती सूट राहत नाही. दर वर्षी बाजारभावानं नफा दाखवण्याचा मार्क-टू-मार्केट हा पर्यायही आहे. बरेच सल्लागार ओपन-एन्डेड फंडांना तो लावतात.

माझा सल्ला स्पष्ट आहे. अमेरिकेत जायचं नक्की झालं असेल आणि तुम्ही अजून भारतात असाल तर निघण्याआधी फंड विका आणि एसआयपी थांबवा. तो नफा ६०१३(एच) घेतल्यास त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये येईल, त्यामुळे निवडीचं गणित त्याच्यासकट करा. पण पुढची कटकट तिथेच संपते. आल्यानंतरही फंड चालू असतील, तर जितक्या लवकर मोडाल तितकी कमी वर्षं मोजावी लागतील. व्यवसाय करणाऱ्या भारतीय कंपनीचे थेट घेतलेले शेअर सहसा पीएफआयसी नसतात, त्यांना ही भीती नाही. युलिप मात्र फंडांच्याच पंक्तीत येतो.

आता खात्यांची माहिती देणारे दोन वेगळे फॉर्म. लोक त्यांना एकच समजतात. पहिला एफबीएआर, म्हणजे फिनसेन फॉर्म ११४. वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे रुपयांत साधारण नऊ लाखांच्या आसपास, की प्रत्येक खातं दाखवायचं, अगदी पाचशे रुपये शिल्लक असलेलंसुद्धा. बचत खाती, मुदत ठेवी, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंडांचे फोलिओ, सरेंडर व्हॅल्यू असलेल्या एलआयसीच्या पॉलिसी, सगळं. आईबरोबरच्या संयुक्त खात्यात तुमचा एक रुपया नसला तरी तुमचं नाव असल्यामुळे पूर्ण रक्कम दाखवावी लागते. हा फॉर्म आयआरएसच्या रिटर्नबरोबर जात नाही, तो बीएसए ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा. मुदत १५ एप्रिल, आणि १५ ऑक्टोबरपर्यंतची वाढ आपोआप मिळते. कर शून्य असतो, हा फक्त माहितीचा फॉर्म आहे.

एफबीएआर प्रत्येक व्यक्तीचा. बायकोच्या एकटीच्या नावावर खाती असतील तर तिचा वेगळा. तिच्याकडे आयटीआयएन अजून आलेला नसला तरी पासपोर्ट क्रमांकावर तो भरता येतो. भरताना प्रत्येक खात्याची वर्षातली कमाल शिल्लक लागते, वर्षअखेरची नव्हे. रुपयांचे डॉलर करताना ट्रेझरी खात्यानं जाहीर केलेला ३१ डिसेंबरचा दर वापरायचा. रिटर्नमधल्या उत्पन्नासाठी वर्षाचा सरासरी दर चालतो, त्या दोन दरांची गल्लत करू नका. भरल्यावर मिळणारा पोचक्रमांक जपून ठेवा. कागद पाच वर्षं ठेवायचे असतात.

दुसरा फॉर्म ८९३८, तो रिटर्नसोबतच जातो. अमेरिकेत राहणाऱ्या आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची परदेशी आर्थिक मालमत्ता वर्षाच्या शेवटच्या दिवशी १ लाख डॉलरपेक्षा, किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलरपेक्षा जास्त असेल तर तो लागतो. स्वतःच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट यात येत नाही, एफबीएआरमध्येही नाही. त्याच्या भाड्याचं खातं मात्र येतं. आणि रिटर्नच्या शेड्यूल बीच्या (व्याज-लाभांशाच्या पानाच्या) तळाशी ‘परदेशात खातं आहे का’ असा प्रश्न असतो. सॉफ्टवेअर तिथे कधी कधी ‘नाही’ आधीच धरून चालतं. तिथे ‘होय’ करा आणि भारत लिहा. खाती लपून राहतील अशी समजूत असेल तर ती सोडा. भारत आणि अमेरिकेत ९ जुलै २०१५ रोजी फॅट्काचा (परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकेला देण्याचा) करार झाला, आणि भारतीय बँका अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती त्यानुसार पाठवतात. केवायसीत तुम्ही सही केलेलं फॅट्का घोषणापत्र त्याचंच.

मागच्या काही वर्षांत हे राहून गेलं असेल तर गप्प बसणं हा सर्वांत वाईट पर्याय. जाणूनबुजून न केलेल्या चुकीला एफबीएआरचा दंड कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत आहे, आणि महागाईनुसार तो वाढत जातो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बिटनर खटल्यात तो प्रत्येक खात्यामागे नव्हे, प्रत्येक अहवालामागे असं ठरवलं, म्हणून थोडा दिलासा आहे. उत्पन्नही दाखवायचं राहिलं असेल तर स्ट्रीमलाइन्ड प्रक्रिया आहे. त्यात तीन वर्षांचे दुरुस्त रिटर्न, सहा वर्षांचे एफबीएआर आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना परदेशी मालमत्तेच्या ५ टक्के दंड. तिथे मात्र स्वतः हात घालू नका, जाणकार सीपीए (अमेरिकेतला सीए) किंवा कर-वकील गाठा. आयआरएसचं पत्र येण्याआधी गेलात तरच हा दरवाजा उघडा असतो.

फ्लॅटचं भाडं शेड्यूल ई वर दाखवायचं. भारतातली ३० टक्क्यांची ठोक वजावट इथे नाही. इथे प्रत्यक्ष खर्च धरतात. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकत कर, दुरुस्ती, गृहकर्जाचं व्याज आणि घसारा. परदेशातल्या निवासी घराचा घसारा ३० वर्षांत विभागायचा (२०१८ च्या आधीपासून भाड्यानं असलेल्या घरासाठी ४० वर्षं). जमिनीवर घसारा नाही, म्हणून फ्लॅटच्या किमतीतून जमिनीचा वाटा वेगळा काढावा लागतो. तो कसा काढला याची नोंद लिहून ठेवा, कारण घर विकताना हाच आकडा परत लागेल. घसारा घेतला नाही तरी विकताना तो घेतल्यासारखाच धरतात, म्हणून तो सोडण्यात शहाणपण नाही.

भारताच्या बाजूला याच फ्लॅटची एक अडचण आहे. मालक अनिवासी झाला की भाडेकरूनं भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापणं अपेक्षित असतं, म्हणजे ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, घ्यावा लागतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं. एक तर काहीच कापत नाहीत, किंवा निवासी मालकासाठी असलेला दोन टक्क्यांचा नियम लावतात. करार करताना हे बोलून घ्या, आणि कर खरोखर कमी येणार असेल तर कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मागून घ्या. भाडं एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातच, जमा झालं पाहिजे. जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात बसत नाही. पीपीएफ मात्र मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही आणि मुदत वाढवता येत नाही.

भारतातला रिटर्न बंद होत नाही. १ एप्रिल २०२५ ते ९ जून हे ७० दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांची कसोटी लागते, म्हणून २०२५-२६ या आर्थिक वर्षात तुम्ही अनिवासी आहात आणि अमेरिकेतला पगार भारतात करपात्र नाही. २८ सप्टेंबरपर्यंत निघालेला या कसोटीतून सुटतो. त्यानंतर निघालेला रहिवासी राहतो आणि त्याला अमेरिकेतला पगार भारतात दाखवून कराचं क्रेडिट मागावं लागतं. अनिवासींचा फॉर्म आयटीआर-२, मुदत ३१ जुलै. सवयीनं आयटीआर-१ भरू नका. १ एप्रिल २०२६ पासून भारतात नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, पण २०२५-२६ चा रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचा आहे.

क्रेडिटचा फॉर्म १११६ भरताना वर्षांचा हा सांधा नीट जुळवा. जानेवारी ते मार्चचा टीडीएस एका वर्षाच्या २६एएसमधल्या (भारतात कापलेल्या कराच्या तक्त्यातल्या) शेवटच्या तिमाहीत, एप्रिल-मेचा पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सापडेल. पगाराचा १११६ वेगळा, व्याज-भाड्याचा वेगळा. आणि भारतातून परत मिळणाऱ्या टीडीएसवर इथे क्रेडिट घेता येत नाही. एप्रिल-मेचा पगार पूर्ण वर्षाच्या हिशेबानं कापलेला असतो, प्रत्यक्षात त्या आर्थिक वर्षात भारतातलं उत्पन्न थोडंच, म्हणून बराचसा परतावा येईल. तो गृहीत धरूनच क्रेडिट लिहा.

एनआरओच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते, पण भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार सर्वसाधारण व्याजावर भारताची मर्यादा १५ टक्के आहे. १५ टक्क्यांहून जास्तीचा कर ऐच्छिक समजून अमेरिका क्रेडिट नाकारू शकते. जास्तीचा परतावा भारतातूनच मागायचा. त्यासाठी आयआरएसला फॉर्म ८८०२ आणि ८५ डॉलर पाठवून ६१६६ हे रहिवासाचं प्रमाणपत्र मिळवा, आणि भारताच्या आयकर पोर्टलवर फॉर्म १०एफ भरा. हे प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. जुलैची मुदत धरायची असेल तर अर्ज वसंतातच करा.

न्यू जर्सीचा रिटर्न, एनजे-१०४०, अर्ध्या वर्षाच्या रहिवाशाचा म्हणून भरायचा. फेडरलला ६०१३(एच) घेतलं तरी राज्य १० जूनपासूनचंच उत्पन्न मोजतं, जानेवारी ते मेचा पगार इथे येत नाही. मात्र न्यू जर्सी परदेशी कराचं क्रेडिट देत नाही, त्यामुळे व्याज-भाड्यावर राज्याचा कर पूर्ण लागतो. ऑफिस मॅनहॅटनला असेल तर न्यू यॉर्कचा आयटी-२०३ सुद्धा लागेल, आणि तिथे भरलेल्याचं क्रेडिट न्यू जर्सीत मिळेल.

जूनपासून पगार सुरू झालेल्यांचा फेडरल कर सहसा जास्त कापला जातो, कारण प्रत्येक पगारावर वर्षभर तेवढाच पगार मिळणार असं समजून कपात होते. म्हणून रिफंड येण्याची शक्यता चांगली, आणि त्याच मोहानं लोक फेब्रुवारीत घाईनं अर्धवट रिटर्न पाठवतात. तसं करू नका. कागद अपुरे असतील तर १५ एप्रिलपूर्वी फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवा. ती वाढ रिटर्न पाठवायची असते, कर भरायची नव्हे. कर निघत असेल तर तो १५ एप्रिललाच भरा. तोवर भारतीय बँकांची जानेवारी ते डिसेंबरची व्याज प्रमाणपत्रं मागून घ्या. बँका सवयीनं एप्रिल ते मार्चचं देतात, म्हणून खातेउताऱ्यावरून स्वतःच बेरीज करायची तयारी ठेवा.

घर घ्यायला आईवडिलांकडून पैसे येणार असतील तर तेही आताच ठाऊक असू द्या. एका वर्षात परदेशातल्या व्यक्तीकडून मिळालेली भेट १ लाख डॉलरच्या वर गेली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर काही नाही, पण न भरल्यास दर महिन्याला भेटीच्या ५ टक्के आणि कमाल २५ टक्के दंड आहे. आईचे आणि बाबांचे पैसे वेगवेगळे आले तरी नात्यातल्या व्यक्तींच्या भेटींची बेरीज एकत्रच होते.